पाचही गिअर मागे

वीरेश पहिल्यांदा आमच्या दारात आला तो आमच्या ट्रकचं नाक कापायला.

खोटं वाटेल, पण अगदी तसंच झालं. श्रावण सरत आला होता. रात्रभर पडून पाऊस नुकताच दमला होता, गोठ्याच्या पत्र्यावरून अजून थेंब टपटपत होते आणि मी ट्रकखाली पोत्यावर पाठ टेकून पडले होते. एवढ्यात डोक्यावर लोखंड वाजलं. कुणीतरी आमच्या ट्रकच्या बॉनेटची बिजागरी खोलत होतं! जुन्या ट्रकांना पुढे हे एवढं लांब बॉनेट असायचं. आमच्याकडे त्याला नाकच म्हणतात.

मी सरपटत बाहेर आले. हातात चोवीसचा पाना होता, तो तसाच उगारला.

“हात काढ! काढ म्हणते ना!”

तो दचकून दोन पावलं मागे सरला. शर्ट पावसानं अंगाला चिकटलेला, पाठीवर पिशवी, आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर सांगते.

“ताई, मिस्त्री कुठं हायेत?” त्यानं विचारलं.

“कोण मिस्त्री?”

“ज्यांनी हे इंजिन खोलून ठेवलंय ते.”

“मीच खोललंय.”

आता हा हसणार, असं मला वाटलं. सगळेच हसतात. पाना मी खाली केला नव्हता तो त्यासाठीच. पण हा गडी हसला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पान्याकडे पाहिलं आणि सरळ इंजिनावर वाकला.

“इंजिनाचं हे जड हेड एकटीनं उतरवलं?”

“चेन-पुली हाय की.”

“चेन-पुली लावून बी आमच्या तिघांचा जीव निघाला व्हता...” तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

खरं सांगते, माझा अर्धा राग तिथेच उतरला. पण तसं चेहऱ्यावर दाखवलं तर मी शिवकन्या कसली!

त्यानं मग सगळं सांगितलं. नाव वीरेश, गाव नांदेड जिल्ह्यातलं उमरी, नोकरी लातूरला पाईपच्या कारखान्यात, फिटरची. त्याच्याही घरी अंगणात असलाच जुना ट्रक उभा होता आणि दर रविवारी उमरीला जाऊन तो त्याची दुरुस्ती करायचा. बाकी सगळं जमलं होतं, फक्त बॉनेट मिळत नव्हतं. लातूरच्या आडत बाजारात त्याला माझे भुजंगकाका भेटले आणि म्हणाले, माझ्या गोठ्यात एक पडलाय, पाहिजे ते काढून ने.

“गोठा काकाचा असंल,” मी म्हणाले. “ट्रक काकाचा न्हाई. ट्रक माझ्या आण्णांचा हाय.”

“मग तुमालाच इचारतो. नाक देता का?”

“तुमचं काढून घेऊ का?”

तेव्हा तो हसला. आता डोळ्यांचं सांगते. ते आधी हसायचे आणि ओठ मागून, सावकाश. मी पटकन दुसरीकडे बघितलं.

आमचं गाव मुरुडच्या जवळ. आण्णा म्हणजे माझे वडील, नरसिंग. त्यांनी वीस वर्षं हाच ट्रक चालवला. अकरा वर्षांपूर्वी जळकोटच्या पुढे इंजिन जाम झालं, दुसऱ्या गाडीला बांधून ट्रक घरी आणला आणि काकांच्या गोठ्यात लावला. तेव्हापासून आण्णा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला जातात आणि घरी आले की गोठ्याकडे पाठ करून बसतात. मी बारावीनंतर आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलं. वर्गात एकटी मुलगी होते. पहिल्या वर्गात पास झाले आणि लातूरच्या चार गॅरेजांत काम मागायला गेले. चौघांनीही चहा पाजला आणि विचारलं, फोन उचलायला बसतेस का? मी पाचव्या गॅरेजात गेलेच नाही. घरी आले आणि गोठ्याचं दार उघडलं.

त्याच दुपारी भुजंगकाका आले. काका आण्णांपेक्षा धाकटे, पण दारात ट्रॅक्टर आल्यापासून घरातले थोरले तेच झालेत. बॉनेट जागेवरच आहे हे बघून ते भडकले.

“काय गं, ह्या पोराला मोकळ्या हातानं कामून धाडायलीस? दसऱ्याला मला गोठा रिकामा पाहिजे. सोयाबीन कुठं ठिवू, तुझ्या डोस्क्यावर?”

“दसऱ्याच्या आत ट्रक चालू करते.”

“तू?” काका पोट धरून हसले. मग हसू आवरून, वीरेशकडे साक्षीदार असल्यासारखं बघत म्हणाले, “बरं. खंडेनवमीला ही गाडी आपल्या बळावर मारुतीपर्यंत गेली तर गोठा बी तुझा आन गाडी बी तुझी. न्हाई गेली तर दसऱ्याला भंगारवाला येईल. आन मग पाना-बिना बंद. मी दाखवीन त्या पोराशी गुमान लग्न करायचं.”

“कबूल.”

“अगं, मला इचार तरी!” आई दारातून ओरडली. उमाबाई तिचं नाव. तिला काही विचारायला उशीर झाला होता. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवसाला, सव्वा महिना उरला होता.

काका गेले. वीरेश मात्र पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत तिथेच उभा राहिला.

“रविवारी येऊ का?”

“कशाला? नाकासाठी?”

“न्हाई. हात लावू दिला तर... इंजिनाला.”

“इंजिनाच्या आधी थांबलाव कामून?”

“धाप लागली,” तो म्हणाला. जागचा हललाही नव्हता, आणि म्हणे धाप लागली!

तो रविवारी आला. पुढच्या रविवारीही आला. उमरीतला त्याचा ट्रक वाट बघत राहिला आणि हा माझ्या ट्रकखाली माझ्या शेजारी पोतं अंथरून पडायला लागला. वर पत्र्यावर पावसाची सर येऊन जायची, डिझेलच्या वासात ओल्या कडब्याचा वास मिसळायचा, आणि मधूनच त्याचं कोपर माझ्या कोपराला लागायचं. लागलं की दोघंही एकदम सरकायचो... आणि थोड्या वेळानं परत होतो तिथेच.

“ताई, तो बाराचा द्या.”

“एक सांगू? ताईच म्हणायचं असंल तर राखी बांधून घ्या आन रिकामे व्हा.”

पाना त्याच्या हातातून निसटून त्याच्याच छातीवर पडला. त्यानंतर त्यानं मला ताई म्हटलं नाही. दोन आठवडे काहीच म्हटलं नाही. ‘अहो... ते... बारा’ एवढंच.

त्याची एक गोष्ट मला फार आवडायची. बोल्ट अडला की बाकीचे पुरुष तुमच्या हातातून पाना ओढून घेतात. आयटीआयचे सरसुद्धा घ्यायचे. वीरेश बोल्टवर डिझेलचे दोन थेंब सोडायचा आणि मी पुन्हा जोर लावेपर्यंत वाट बघायचा. बोल्ट सुटला की म्हणायचा, “बेस.” बस, तेवढं एक ‘बेस’ मला पुढच्या रविवारपर्यंत पुरायचं.

घटस्थापनेच्या आधीचा रविवार मात्र वाईट उगवला. त्या दिवशी क्राऊन बसवायचं होतं. ट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध भोपळ्यासारखं एक लोखंडी घर असतं. त्यात हे मोठं दातेरी चाक बसतं आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देतं. ते मी बसवत होते आणि वीरेश बॅटरी धरून उजेड दाखवत होता.

“दसऱ्याला गावाकडं जावं लागतंय,” तो म्हणाला.

“जावा की. सण हाय.”

“सणासाठी न्हाई.” उजेड थोडा हलला. “आईनं पोरगी बगून ठेवलीय. मुखेडची. मला घेऊन जायली बगायला.”

क्राऊन माझ्या दोन्ही हातांत होतं. चांगलंच जड असतं ते, पण त्या क्षणी मला त्याचं वजन कळलं नाही.

“मग... चांगलं हाय की.”

“चांगलं हाय?”

“मला काय इचारायलाव? मी काय तुमची...”

“काय?”

“बॅटरी नीट धरा!”

मी क्राऊन आत घातलं, त्यावर बेअरिंगच्या टोप्या लावल्या आणि एकेक बोल्ट असा आवळला की मुखेडच्या त्या बिचाऱ्या मुलीला उचक्या लागल्या असतील. तो मध्येच “थांबा, एकदा—” असं काहीतरी म्हणाला. मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही.

नवरात्रातल्या रविवारी इंजिन चालू झालं. अकरा वर्षांनी! आधी खोकलं, मग काळ्या धुराचा लोट निघाला, पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि मग अख्खा गोठा धडधडायला लागला. मागची चाकं आम्ही ठोकळ्यांवर उचलून ठेवली होती. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि खाली उडी मारली. चाकं फिरत होती. मी ओरडत होते, तोही ओरडत होता, आणि ओरडता ओरडता आमचे तेलकट हात एकमेकांच्या हातांत कधी गेले ते कळलंच नाही. मी त्याच्याकडे बघत होते, तो माझ्याकडे... चाकं कुणीकडे फिरतात ते मात्र दोघांपैकी एकानंही बघितलं नाही.

हात मीच आधी सोडवून घेतला. “दसऱ्याला मुखेडला जायचंय तुमाला,” मी म्हणाले.

“नवमीला येतो. गाडी निघताना बगायची हाय मला.” तो माझ्याकडे न बघता म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेला. मी त्या रात्री जेवले नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडतात. विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ, ट्रॅक्टरची किल्लीसुद्धा. पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. आणि आमच्या घरात आजवर फक्त पुरुषांची हत्यारं मांडली गेली होती.

त्या सकाळी मी अंघोळ करून आले तर पाटावर आठपासून बत्तीसपर्यंत माझे सगळे पाने घासून-पुसून ओळीनं लावलेले. प्रत्येकावर झेंडूचं फूल. शेजारी वीरेशच्या पिशवीतले पानेही होते, कारण तो पहाटेच येऊन बसला होता.

“आई... हे?”

“हत्यार म्हंजी हत्यार,” आई निरांजन ओवाळत म्हणाली. “त्याला काय मिशा असाव्या लागत्यात?”

मी तिच्या गळ्यात पडून रडले. मग डोळे पुसले, ओढणी कमरेला गच्च बांधली आणि ट्रकमध्ये चढले.

अर्धं गाव जमलं होतं. ट्रकचं तोंड गोठ्यात आत, भिंतीकडे होतं. तो रिव्हर्समध्ये बाहेर काढायचा, अंगणात वळवायचा आणि सरळ बोळानं मारुतीला न्यायचा, असं ठरलं होतं. इंजिन एका हाकेत चालू झालं. मी रिव्हर्स गिअर टाकला आणि क्लच सोडला.

ट्रक पुढे गेला.

धाडकन गव्हाणीवर आदळला. बॉनेटला पोचा आला, कडब्याच्या चार पेंढ्या वरून खाली आल्या. आणि मग गावात जे हसू फुटलं! मी पुन्हा रिव्हर्स टाकला तर दांडा उडून परत न्यूट्रलला. पुन्हा टाकला, पुन्हा उडाला. त्या दणक्यानं रिव्हर्स कामातून गेला होता.

काय झालं ते मला लगेच कळलं. क्राऊन! ज्या बाजूला बसायला पाहिजे त्याच्या विरुद्ध बाजूला बसलं होतं. त्यामुळे पुढचे पाचही गिअर आता गाडी मागे नेणार होते. पुढे नेणारा एकच गिअर उरला होता, रिव्हर्सचा, आणि तोच मी आत्ता घालवला होता.

“झालं का?” काका पुढे आले. “खोल आता. पण खोलतीस कशानं? पाने तर पुजून बसलेत. आज हात लावायचा न्हाई.”

आईचा चेहरा उतरला. “शिवू... मीच मांडले गं...”

वाईट वाटून घेऊ नको, असं मी तिला मानेनंच सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझं काम देवापुढे मांडलं होतं. ते पाने मी उचलणार नव्हते, गोठा गेला असता तरी.

“बाईच्या हातचं काम!” काका गावाकडे वळून म्हणाले. “पुढं जा म्हणलं की मागं, मागं जा म्हणलं की पुढं!” पुन्हा सगळे हसले.

तेवढ्यात वीरेश गर्दीतून पुढे आला. “काका, क्राऊन मी बसवलं. चूक माझी हाय. त्यांचा काय संबंध न्हाई.”

“आसं व्हय!” काकांना जणू हवं तेच मिळालं. “मंजी काम सगळं ह्यानं केलंय. ही नुसती पाने उचलून द्यायला!”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी केबिनमधून उडी मारली आणि काकांकडे नाही, वीरेशकडे गेले.

“खोटं कामून बोलायलाव?”

“शिवकन्या, मी आपलं...”

“क्राऊन मी बसवलंय. माझ्या ह्या हातानं. उलटं बसवलंय. आन इंजिन बी मीच बांधलंय, ते सुलटं बांधलंय. माझी चूक तुमी तुमच्या नावावर घेतली की माझं काम बी तुमच्याच नावावर जातंय. मला माझी चूक पाहिजे!”

 वीरेशचे कान लालबुंद झाले होते. त्यानं खाली बघितलं, मग सरळ माझ्या डोळ्यांत.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “तुमच्या जागी पुन्यांदा बोलणार न्हाई.”

“मग गाडीमागं जावा आन रस्ता दाखवा.”

“कुठं?”

“मारुतीला. गाडी मागं जाती ना? मागंच नेते.”

“उलटी?” काका ओरडले.

“काका, तुमी मारुतीपर्यंत म्हणला व्हताव. तोंड कुणीकडं पाहिजे ते कुठं म्हणलाव?”

या वेळी गाव हसलं ते काकांना. मी वर चढले आणि पहिला गिअर टाकला. ट्रक गुमान मागे सरकला, गोठ्यातून बाहेर आला, अंगणातून बोळात शिरला. बाजूच्या आरशात मला वीरेश दिसत होता. तो माझ्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागे चालत होता आणि दोन्ही हातांनी बोलावत होता.

“येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं वळवा, डावीकडं... हाव, बेस! येऊ द्या!”

अख्ख्या गावादेखत एक मुलगा मला ‘ये, ये’ म्हणत होता आणि मी जात होते. काय सांगू तुम्हाला, भीती वाटायला पाहिजे होती, पण मला नुसतं हसू येत होतं. हापशापाशी मी दुसरा टाकला. दारादारांत बाया येऊन उभ्या राहिल्या. मान वळवून वळवून दुखायला लागली होती, तरी आरशातून नजर निघत नव्हती.

आरशात मारुती दिसायला लागला आणि वीरेशनं दोन्ही हात वर केले. मी ब्रेक दाबला. रस्ताभर काकांचं सोयाबीन वाळत घातलं होतं आणि काका आडवाटेनं येऊन त्याच्या अलीकडे उभे, कमरेवर हात ठेवून.

“ने, वरून ने! लक्ष्मी हाय ती. तुडव!”

धान्यावरून चाक घालणं माझ्यानं होणार नव्हतं आणि ते काकांना पक्कं माहीत होतं. खाली इंजिन धडधडत होतं. बॅटरी जुनी होती. एकदा इंजिन बंद पडलं तर पुन्हा चालू होईल याचा भरवसा नव्हता. मी स्टेअरिंगवर डोकं टेकलं. आता हरले, असं खरंच वाटलं.

मग खरखर ऐकू आली. आरशात बघितलं तर आण्णा! अकरा वर्षं ज्यांनी गोठ्याकडे मान वळवली नव्हती ते आण्णा कुणाच्या तरी दारातलं धान्य ओढायचं लाकडी फावडं घेऊन सोयाबीन बाजूला ओढत होते.

“दादा, काय करायलास?” काका कळवळून म्हणाले.

“गाडी यायलीय, भुजंगा,” आण्णा म्हणाले. “सरक.”

दोन बाया झाडू घेऊन त्यांच्या मदतीला आल्या, मग आणखी तिघी. काका सरकले. वीरेशचे हात पुन्हा हलायला लागले, आणि ट्रकची मागची फळी मारुतीच्या पाराला लागायला वीतभर उरली तेव्हा त्यानं पंजा उघडून दाखवला. “बस!”

आण्णांनी नारळ मागच्या चाकाशी फोडला. पोचलं होतं ना ते आधी! काका जरा वेळ लांब उभे राहिले, मग आले आणि आण्णांच्या हातातून खोबऱ्याचा तुकडा घेऊन तोंडात टाकला.  गोठ्याची किल्ली दुपारी आईच्या हातात आली.

वीरेश पलीकडच्या दारानं वर चढून माझ्या शेजारी बसला. घामानं निथळत होता. मी समोर बघत विचारलं, “मुखेडला किती वाजता निघायचं उद्या?”

“न्हाई जायचं.”

“कामून? पोरगी बगायची हाय ना?”

“बगितली की. आताच. उलटी गाडी घेऊन माझ्या अंगावर यायली व्हती.”

 माझी बोटं उगाच गिअरच्या दांड्यावर फिरत राहिली. त्याच दांड्यावर हळूच त्याचा हात आला.

“शिवकन्या, तुमी मला लई आवडता. पाना उगारला ना, तवापासून.”

“मला बी,” मी म्हणाले. “तुमी. लई.” इतकं सोपं होतं ते! उगाच सव्वा महिना जीव जाळला.

“मग आईला सांगतो. आमी येतो तुमच्याकडं बगायला...”

“अं हं. बगायला मी येणार. उमरीला. मुलगा बगायला.”

“असं कुठं असतं?”

“आपल्यात असंल,” मी म्हणाले.

दिवाळीच्या आत मी क्राऊन सुलटं केलं आणि रिव्हर्सचा गिअर बदलला. बॅटरी वीरेशनं धरली. तुळशीचं लग्न झाल्यावर एका रविवारी आम्ही निघालो. मी चालवायला, मध्ये आई, खिडकीशी आण्णा. लातूर मागे पडलं, अहमदपूर गेलं, लोह्याच्या पुढे कापसाची पांढरी शेतं लागली. आण्णांनी एकदाच, “आता चौथ्यात घे,” असं म्हटलं आणि मग खिडकीत कोपर ठेवून झोपी गेले. नांदेड ओलांडून उमरीला पोचायला दुपार झाली.

सतरंजी अंथरली होती. वीरेशचे वडील शंकरप्पा फेटा बांधून बसले होते. त्याची आई भामाबाई मला पायापासून डोक्यापर्यंत बघत होती. आणि चहाचा ट्रे घेऊन कोण बाहेर आलं सांगा? वीरेश! कपबश्या अशा किणकिणत होत्या की आईनं तोंडाला पदर लावला.

“बसा,” मी त्याला म्हणाले. “स्वयंपाक येतो का?”

“खिचडी येती. आन भाकरी... शिकायलोय.”

भामाबाईही फिसकन हसल्या. पण शंकरप्पा हसले नाहीत. त्यांनी घसा खाकरला.

“पोरी, पोरगं तुझाच ध्यास घेऊन बसलंय ते आमाला कळतंय. पण लग्न झाल्यावर हे ट्रकाखाली झोपणं, तेलात हात... ते बंद करशील ना? घराण्याला लोकं काय म्हणतील?”

खोलीतलं हसू विरलं. सगळ्यांनी वीरेशकडे बघितलं. बापाला उत्तर मुलानं द्यायचं असतं. माझ्या आईनंही त्याच्याकडेच बघितलं. त्याचे ओठ हलले... आणि मिटले. तो बोलला नाही. नुसता माझ्याकडे वळला आणि वाट बघत राहिला. मला तो इतका कधीच आवडला नव्हता.

“न्हाई करणार, मामा,” मी म्हणाले. “लातूरला रस्त्यावर गॅरेज टाकणार हाय मी. पाटीवर माझं नाव असंल. लोकं म्हणतील ते म्हणू द्या. त्यांची गाडी बंद पडली की माझ्याच दारात येतील, तवा मी त्यांना चहा बी पाजीन.”

 शंकरप्पा मुलाकडे वळले. “तुझं काय म्हणणं?”

“तिनं सांगितलं की,” वीरेश म्हणाला.

 म्हाताऱ्यानं बशीत ओतलेला चहा फुर्रकन पिऊन टाकला आणि फेटा सारखा करत भामाबाईंकडे बघितलं. भामाबाई गडबडल्या आणि अशा वेळी मुलाकडचे म्हणतात तेच म्हणाल्या, “मग... आमी कळवतो.”

“तुमी कशाला कळवताव, मावशी?” मी कप खाली ठेवला. “बगायला मी आलेय. आन मला कळवायला येळ लागत न्हाई. मुलगा पसंत हाय.”

असं म्हणाले आणि भर दुपारी, सगळ्यांसमोर, मी त्याचा हात धरला.